अठरा कोळंब्या आणि स्वतंत्र साक्षीदार

आमच्या नोएडाच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने बाथटब बसवून दिला होता. आम्ही तो मागितला नव्हता. त्या वर्षांत बिल्डर मंडळी घराघरात परदेशी दिसणारी एखादी वस्तू बसवून देत आणि तिला लागणारं पाणी मात्र देत नसत. तीन वर्षं त्या टबमध्ये कूलरच्या जाळ्या, रिकामे डबे आणि गणपतीचं मखर होतं. २० मार्च १९९७ रोजी सकाळी दात घासायला गेलो तर मखर बाहेर होतं आणि माझे सासरे पद्माकर देवस्थळी, म्हणजे नाना, टबच्या काठाला टेप लावून उभे होते.

"दिनकरराव," ते म्हणाले, "लांबी पाच फूट एक इंच. मधोमध जाळी टाकली की दोन तळी होतात."

"कसली तळी?"

"कोळंबीची."

मी एका बातमीसंस्थेच्या डेस्कवर काम करतो. दुसऱ्यांच्या मजकुरातली अतिशयोक्ती कापणं हे माझं काम आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते तारखा तपासून लिहितो आहे, एवढं आधीच सांगतो. नाना जन्मभर शुद्ध शाकाहारी. कोळंबी त्यांनी ताटात काय, बाजारातही पाहिली नव्हती. पण तेहतीस वर्षं ते दिल्लीत अशा एका सरकारी खात्यात होते, जिथे मत्स्यशेतीच्या फायली येत. तळ्यातल्या कोळंबीला रोग होऊ नये म्हणून तिला काय खायला घालावं, याचा प्रत्येक प्रस्ताव त्यांच्या टेबलावरून जाई आणि नाना समासात एकच प्रश्न लिहीत: "परीक्षणाचा आधार काय?" तेहतीस वर्षांत त्यांनी शेकडो प्रस्ताव परत पाठवले. त्यांच्या स्वतःच्या नावाचं असं एकही काम त्यात नव्हतं. फक्त सह्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचा प्रस्ताव पाठवला. कोळंबीच्या खाद्यात यीस्ट, लसूण आणि हळद. खात्याने उत्तर पाठवलं, दोनच ओळींचं. साठ दिवसांचं परीक्षण स्वतः करावं, स्वतंत्र साक्षीदाराच्या सहीने नोंदी ठेवाव्यात, अधिकारी पाहणीला येतील. पटलं तर खाद्य सरकारी तळ्यात वापरून पाहिलं जाईल. नाही पटलं तर फाइल कायमची बंद.

"स्वतंत्र साक्षीदार म्हणजे?" मी विचारलं.

"रक्ताचं नातं नसलेला, सुशिक्षित आणि घरी उपलब्ध असलेला," नाना म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

कोळंब्या आंध्रच्या किनाऱ्याकडून रेल्वेने आल्या. गोड्या पाण्यातली जात, बोटभर लांबीची पिल्लं, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत चोवीस नग. दिल्लीच्या एका स्टेशनच्या पार्सल ऑफिसात त्यांच्यापुढे वर्गवारीचा प्रश्न उभा राहिला. "ज़िंदा है तो जानवर का फ़ॉर्म भरो, डॉक्टर का सर्टिफ़िकेट लाओ," बाबूजी म्हणाले. "मर गया तो मछली, ऐसे ही ले जाओ. फ़ैसला आप कर लो." नाना स्वतः तेहतीस वर्षं बाबूजी होते. आक्षेप रास्त आहे, असं म्हणून ते जनावरांच्या डॉक्टरला शोधायला निघाले. डॉक्टर सापडून सही होईपर्यंत सहा कोळंब्यांनी मासळीच्या वर्गात प्रवेश केला होता. उरल्या अठरा. रविवारी, २३ मार्चला, नऊ डावीकडे आणि नऊ उजवीकडे सोडल्या. मध्ये मच्छरदाणीची जाळी, तळाशी लपायला पाइपाचे तुकडे, वर मत्स्यालयाचा हवेचा पंप. डावीकडच्यांना नानांचं खाद्य, उजवीकडच्यांना साधं.

खाद्य आमच्या स्वयंपाकघरात तयार होई. सुकी मासळी दिल्लीच्या आयएनए मार्केटातून आणावी लागे आणि ती दळावी लागे. माझी बायको वृंदा ऑडिट खात्यात आहे. रागावली की ती आवाज चढवत नाही, अटी घालते.

"नाना, मिक्सर दुसरा आणा. ह्या मिक्सरमध्ये उद्या चटणी वाटायची आहे."

"परीक्षण संपेपर्यंत चटणी..."

"बिल्कुल नाही."

दुसरा मिक्सर आला. वास मात्र एकच होता आणि तो जिन्याने चार मजले खाली उतरला. सोसायटीच्या सेक्रेटरींची नोटीस आली: निवासी जागेत ओल्या स्वरूपाचा व्यवसाय चालतो, सात दिवसांत खुलासा करावा. नानांनी तीन पानी खुलासा दिला, परिशिष्टांसह. सेक्रेटरींनी तो वाचला असावा, कारण पुन्हा आमच्याकडे ते लिफ्टमध्येसुद्धा बघेनात.

समोरच्या फ्लॅटमधले राजीव सभरवाल मात्र रोज यायला लागले. एक्स्पोर्टचं काम, मोठा आवाज, मोठं मन. टबच्या काठावर बसून ते म्हणत, "अंकलजी, इनको च्यवनप्राश दो. सर्दी-खाँसी सब बंद." कोळंबीला खोकला येत नाही, हे नानांनी त्यांना गंभीरपणे समजावलं. मग रोगप्रतिकारक शक्ती म्हणजे काय तेही समजावलं. ते ऐकायला मी दारात थांबलो होतो आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदा मी तिथे थरारलो.

"माणसाच्या शरीराला आजार लक्षात राहतो," नाना म्हणाले. "गोवर एकदा झाला की शरीर त्याला विसरत नाही. लस त्यावरच चालते. कोळंबीला तशी आठवण नाही. तिला प्रत्येक आजार पहिलाच. म्हणून तिला खाण्यातूनच जागं ठेवायचं. यीस्टच्या पेशीचं कवच पोटात गेलं की तिच्या शरीराला वाटतं, शत्रू आला. मग पहारा जागा होतो."

हे त्यांनी मराठीतच सांगितलं. राजीवना किती कळलं ते माहीत नाही. पण आठवड्याने ते खुशीत आले. "भाभीजी, आपका वो पीला चूरन कमाल है! चार दिन से नाक साफ़."

वृंदाने माझ्याकडे पाहिलं. फ्रिजवरच्या बरणीतून ते रोज चमचाभर कोळंबीचं खाद्य खात होते. त्यात काय काय आहे हे त्यांना सांगावं का, यावर आम्ही दोघांनी विचार केला आणि सांगायचं नाही असं ठरवलं. नानांनी मात्र ताबडतोब वहीत नोंद केली: "खाद्याच्या साठ्यात घट, अंदाजे चार चमचे. कारण: शेजारी."

या वहीबद्दल सांगायला हवं. तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, खाद्य, मृत, शेरा असे रकाने होते. तिसऱ्या दिवशी उजवीकडे तळाशी एक कोळंबी निपचित पडलेली दिसली, पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक. नानांनी तिला चमच्याने उचलून औषधाच्या बाटलीत ठेवलं आणि "मृत: १" असं लिहिलं. मी साक्षीदार म्हणून सही केली. दोन दिवसांनी डावीकडे एक. मग दर एक-दोन दिवसांनी कोणी ना कोणी. काही वेळा सकाळी पाहिलेला मृतदेह संध्याकाळी नाहीसा झालेला असे. नाना शेऱ्यात "मृतदेह गहाळ" असं लिहीत आणि त्याखाली माझी सही. नानांचं जेवण कमी झालं. त्यांची कोळंबी मरत होती, दोन्हीकडे सारखीच, म्हणजे त्यांच्या खाद्याचा काडीचा उपयोग नव्हता.

एप्रिलच्या मध्याला वृंदाने ती वही उघडली. ऑडिटवाल्या माणसासमोर वही पडली की तो ती खालून वर वाचतो.

"नाना, आरंभीची शिल्लक अठरा?"

"हो."

"मृत अकरा. त्यातले सात गहाळ, चार बाटलीत."

"हो गं."

"मी आत्ता मोजून आले. आज शिल्लक अठरा."

नानांनी चष्मा काढला. बाथरूममध्ये गेले, टॉर्च लावून मोजलं, परत आले. "अठराच आहेत. कदाचित जन्म झाले असतील."

"मग जन्माचा रकाना कुठे आहे?"

अकराही मृत्यूंवर माझी सही होती. डेस्कवर एखाद्या वार्ताहराने अठरातून अकरा मेले आणि अठरा उरले असं लिहून पाठवलं असतं, तर मी त्याला फोनवरून काय सुनावलं असतं ते इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी वृंदाने ऑफिसातल्या अलकनंदाला घरी आणलं. अलकनंदा मूळची वेंगुर्ल्याची, राहायला गाझियाबादला. तिने औषधाची बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि हसत सुटली. पदर तोंडाला लावूनही हसू थांबेना.

"अहो नाना, ही मेलेली कोळंबी? आत बघा ना, मोकळी आहे! ही तिची कात. अंग वाढलं की जुनं कवच सोडते ती. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"आणि ज्या सात गहाळ झाल्या?" नानांनी विचारलं.

"खाल्ल्या की त्यांनी. स्वतःचंच कवच खातात. नवं कवच घट्ट करायला लागतं ना ते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही पेपरवाले ना हो? सही करताना हात लावून तरी बघायचा."

मी हात लावून पाहिला. बाटलीतलं ते कवच कागदावर ओतून घेतलं. तिथे एक आख्खी कोळंबी होती, फक्त कोळंबी तेवढी नव्हती. केसासारख्या लांब मिशा होत्या. प्रत्येक पायाचा पायमोजा होता. डोळ्यांच्या जागी दोन काचेसारख्या टोप्या होत्या. पोटाचं अस्तरसुद्धा ती याच्याबरोबर सोडते, असं नानांनी नंतर कुठूनसं वाचून सांगितलं. ती आपल्या डोळ्यांतून बाहेर पडते, मिशांतून बाहेर पडते, मागे इतकी अचूक प्रत ठेवते आणि मऊ अंगाने जाऊन पाइपाखाली लपते. मी ते कवच बराच वेळ बघत बसलो. त्या दिवशी ऑफिसला चाळीस मिनिटं उशीर झाला आणि कारण विचारल्यावर मी खरं सांगितलं. तेव्हापासून डेस्कवर माझं नाव झिंगा पडलं.

नानांनी वहीत "कात" असा नवा रकाना आखला. अकराही मृत्यू एकेक करून खोडले आणि प्रत्येक खोडीपाशी माझी सही घेतली. अकरा जणांना एका बैठकीत जिवंत करणारी दुरुस्ती मी आयुष्यात दिली नव्हती. त्या रात्री नाना दोन पोळ्या जास्त जेवले.

मग एक वेगळीच अडचण उभी राहिली. कोणालाच काही होत नव्हतं. रोगाशिवाय प्रतिकारशक्ती सिद्ध कशी करायची? नानांना रोग हवा होता, पण तो मुद्दाम आणणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. तो आणण्याचं काम विजेने केलं. १ मे रोजी सकाळी वीज गेली ती तीन तारखेच्या संध्याकाळी आली. हवेचा पंप बंद. पाणी ढवळत राहिलं नाही तर कोळंबी गुदमरते, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या: नाना, वृंदा, राजीव आणि मी, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकचा मग. बाहेर त्रेचाळीस अंश, आत चार मध्यमवर्गीय माणसं आळीपाळीने बाथटबमधलं पाणी उपसून परत टबातच ओतताहेत. राजीव तर भजन म्हणत ढवळायचे. आपण हे का करतो आहोत असा प्रश्न त्या तीन दिवसांत कोणीही विचारला नाही.

पाच तारखेला रोग दिसला. कवचावर काळे ठिपके. दहा तारखेला उजवीकडच्या सहा जणींवर ठिपके होते, डावीकडे एकीवर. बारा तारखेला उजवीकडे एक मेली. या वेळी नानांनी ती दाबून पाहिली, आत भरलेली होती. पंधराला दुसरी. डावीकडच्या नऊच्या नऊ चालत-फिरत होत्या आणि ठिपकेवाली एक कात टाकून स्वच्छ होऊन बाहेर आली होती. सकाळी दाढी करताना नाना गुणगुणत होते, हे मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

मी मात्र बाथरूममध्ये जायचं टाळत होतो. कारण दोन मेच्या दुपारी सव्वा तीन वाजता, माझी पाळी असताना, माझा मग जाळीला अडकला होता. जाळीचा खालचा कोपरा सुटला. मी तो लगेच बसवला, पण बसवून मोजलं तेव्हा डावीकडे अकरा होत्या आणि उजवीकडे सात. मी डावीकडून दोन उचलल्या आणि उजवीकडे टाकल्या. नऊ आणि नऊ. आकडा जुळला. मी हुश्श केलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. उचललेल्या दोन त्याच होत्या का, आणखी किती इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेल्या, हे मला माहीत नव्हतं. आकडा जुळला की प्रश्न संपतो, असं समजणारी ऑडिटवाल्यांची आणि बातमीवाल्यांची घरं असतात. आमच्या घरात दोन्ही होते.

एकवीस मे, साठावा दिवस. खात्याच्या अधिकारी चेतना रावत आल्या. वयाने तिशीच्या आत, पायात साध्या चपला, चेहऱ्यावर आणखी एका निवृत्त माणसाचा हट्ट बघायला आल्याचा शिष्टाचार. त्या बाथरूममध्ये उकिडव्या बसल्या आणि वही वाचू लागल्या. पाचव्या पानावर, 'कात' या रकान्यापाशी, त्यांचा चेहरा बदलला.

"सर, हर एक का मोल्ट, तारीख़ और टाइम के साथ? यह लिखना आपको किसने बताया?"

"किसी ने नहीं," नाना म्हणाले. "हम मौत लिख रहे थे."

त्यांनी मान खाली घालून पुढची पानं वाचली. मग शेवटचं पान माझ्यासमोर आलं. नानांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "मी स्वतंत्र साक्षीदार या नात्याने प्रमाणित करतो की परीक्षणकाळात दोन्ही गट पूर्णपणे विलग होते." खाली ठिपक्यांची रेघ. माझ्या मागे वृंदा, दारात राजीव. नानांनी स्वतःचं पेन टोपण काढून माझ्या हातात दिलं.

असं वाक्य दुसऱ्या कोणाचं आलं असतं तर मी समासात लिहिलं असतं: कोणी पाहिलं? इथे पाहणारा मीच होतो.

"नाना," मी म्हणालो, "मला सही करता येत नाही." आणि सव्वा तीनपासून नऊ आणि नऊपर्यंत सगळं सांगितलं. मराठीत सांगितलं, मग अधिकारीबाईंसाठी हिंदीत पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त वाईट ऐकू आलं.

"अहो, तेव्हाच का नाही बोललात?" वृंदा म्हणाली.

नाना टबाकडे बघत होते. पंपाचे बुडबुडे तेवढे वाजत होते. मी तेहतीस वर्षांवर पाणी ओतलं होतं आणि त्या क्षणी माझ्यावर कोणीतरी ओरडायला हवं होतं.

"अरे, वो देखो," राजीव म्हणाले, त्यांच्या मानाने फारच हळू.

डावीकडे काठाजवळ एक कोळंबी पायांवर ताठ उभी राहिली होती. डोकं आणि शेपूट यांच्यामधली शिवण उसवली. ती थरथरली. मग त्या फटीतून पाठीचा एक उंचवटा वर आला, ओला आणि नवा. आम्ही पाचही जण गुडघ्यांवर आलो. वृंदाची साडी भिजली, तिने ती उचलली नाही. दीड-दोन मिनिटं काहीच झालं नाही आणि मग एका झटक्यात ती मागच्या मागे बाहेर पडली, मिशांसकट, डोळ्यांसकट. समोर ती होती आणि तिच्यासमोर ती होती. दोघींमध्ये दोन बोटांचं पाणी. जुनी तशीच उभी होती, जणू काही झालंच नाही. नवी बाजूला पडली, श्वास घेतल्यासारखी हलली आणि रांगत पाइपात गेली.

"वाहे गुरू," राजीव पुटपुटले.

अधिकारीबाई एम.एस्सी. होत्या. त्यांचंही तोंड उघडं राहिलं होतं. "किताब में पढ़ा है," त्या म्हणाल्या. "इतने पास से कभी नहीं देखा."

नानांनी घड्याळ पाहून नोंद केली: "कात: १. वेळ ११.२०. उपस्थित: पाच." मग मला विचारलं, "जाळी सुटली ती तारीख दोन, सव्वा तीन. नक्की?"

"नक्की."

त्यांनी लाल शाईचं पेन काढलं. प्रमाणपत्राच्या पानावर तिरकी रेघ मारली आणि तिच्याखाली लिहायला लागले. पुढे झुकून मी वाचलं. "डाव्या बाजूच्या कोळंब्या निरोगी आहेत. परंतु त्या मूळच्या डाव्या बाजूच्याच आहेत, यास आधार नाही. सबब निष्कर्ष काढता येत नाही. प्रस्ताव अमान्य करावा." खाली सही, तारीख. अक्षर कुठेही हललं नव्हतं. मी रोज माणसांना आपली बाजू मांडताना ऐकतो, मंत्र्यांपासून फेरीवाल्यांपर्यंत. स्वतःच्या एकुलत्या एक प्रस्तावावर अशी टिपणी लिहिणारा माणूस मी पाहिला नव्हता आणि तो माझ्या घरात, माझ्याच बाथरूममध्ये होता.

चेतना रावत यांना मराठी येत नव्हतं, म्हणून त्यांनी ती टिपणी नानांकडून वाचून घेतली.

"लेकिन सर, प्रस्ताव तो आपका ही है."

"जी. इसीलिए."

"मैं यह मान लूँ तो फ़ाइल बंद करनी पड़ेगी."

"नियम है."

त्या उठल्या, गुडघे झटकले, पुन्हा वही चाळली. मग कमोडच्या झाकणावर वही टेकवून त्यांनी स्वतःचा शेरा लिहिला. आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघत होतो. परीक्षण नापास होणं वेगळं आणि रद्द होणं वेगळं, असं त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. हे रद्द झालं आहे. जो माणूस स्वतःचं परीक्षण स्वतः रद्द करतो त्याचं दुसरं परीक्षण खात्याच्या खर्चाने व्हायला हरकत नाही. साठ कोळंब्या, खात्याच्या दोन वेगवेगळ्या टाक्या, साठ दिवस. प्रस्तावकाला काही अटी घालायच्या असतील तर आत्ताच लिहून द्याव्यात.

नानांनी पेन घेतलं. बराच वेळ टोपणाशी चाळा केला. डोळे पुसले असतील, चष्म्यामुळे नीट दिसलं नाही. मग लिहिलं आणि वही माझ्यासमोर धरली.

"अट एक: स्वतंत्र साक्षीदार तेच राहतील. अट दोन: त्यांनी पाण्यात हात घालू नये."

मी दोन्ही अटी वाचल्या. सही केली, आणि सहीखाली वेळ घातली.